बठा आवाज बॉक्समा : बेस गिटारच्या टोनची पार्श्वभूमी

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते ती बोरी नदीच्या पात्रात. त्या दिवसांत गावातल्या एका पटांगणावर आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. तालमीच्या खोलीत माझा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, छातीत घुमायचा, इथे मात्र सातव्या रांगेपलीकडे तो ऐकूच जाईना. अर्धा तास मी गिटारचे नॉब पिळत बसलो. शेवटी धुळ्याचा साउंडवाला दादा वर आला, स्टुलावरचा बॉक्स (स्पीकरची पेटी) उतरवून जमिनीवर, मागच्या पक्क्या भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, गिटारमा काय शे? बठा आवाज बॉक्समा शे." म्हणजे, गिटारमध्ये काय आहे, सगळा आवाज बॉक्समध्ये आहे. बेस परत आला. खालचे सूर बॉक्सच्या चारही बाजूंना पसरतात. जमीन आणि भिंत त्यातला मागे जाणारा वाटा पुढे वळवतात, एवढंच त्यामागचं गुपित.

तेव्हापासून "फेंडर बरा की आयबानेझ" हा गिटारच्या कंपन्यांचा वाद मी अर्ध्या कानाने ऐकतो. बेस गिटारचा जन्मच मुळी टोनसाठी झालेला नाही. नाचाच्या हॉलमध्ये ड्रम आणि ट्रम्पेटपुढे उभा डबल बेस ऐकू येत नसे, आणि माणसाएवढं ते धूड गाडीत नेताना वादक मेटाकुटीला येत. सिएटलच्या पॉल टटमार्कने 1936 च्या सुमारास पडद्यांचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा), गिटारसारखा आडवा धरायचा विजेवरचा बेस बनवला होता, पण तो चालला नाही. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने प्रिसिजन बेस आणला. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी 34 इंच, जी आजही बहुतेक कंपन्या ठेवतात. ब्रिजवरच्या झाकणाखाली तारा दाबायला मऊ पट्टीसुद्धा होती, कारण लोकांच्या कानाला डबल बेसचा लगेच विरणारा 'धप्' आवाज सवयीचा होता. 1957 मध्ये त्याचा पिकअप, म्हणजे तारेची कंपनं विजेत बदलणारं चुंबक, दोन तुकड्यांत विभागला गेला. 1960 मध्ये जॅझ बेस आला : मान निमुळती, पिकअप दोन, आणि ब्रिजजवळच्या पिकअपमुळे आवाजाला ती गुरगुर. आज दुकानात दिसणाऱ्या बऱ्याचशा बेस गिटारी या दोघांच्याच पोटच्या आहेत.

तारांची गोष्ट मला जास्त आवडते. सुरुवातीच्या सगळ्या बेसवर फ्लॅटवाउंड तारा असत, म्हणजे गाभ्यावर सपाट पट्टी गुंडाळलेल्या. बोट सरकवलं तर आवाज नाही, सूर गोल आणि थोडा बुजरा. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनने याच तारा वर्षानुवर्षं न बदलता, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवल्या. मग 1966 मध्ये 'द हू' बँडचा जॉन एंटविसल इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीकडे गेला. त्याला पियानोच्या खालच्या पट्टीसारखी खणखणीत तार हवी होती. तिथून गोल तारेने गुंडाळलेल्या राउंडवाउंड तारांचं राज्य सुरू झालं. खोबणी उघड्या असल्यामुळे तार वाजते लख्ख, पण पडदे झिजवते आणि मळ धरते.

हा मळ म्हणजे खानदेशात रोजचीच डोकेदुखी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 ओलांडतो, लग्नं त्याच दिवसांत, मांडवात धूळ, बोटांना घाम. पंधरा दिवसांत नवी तार मेल्यासारखी वाजू लागते. मग आमच्यातला कुणी तरी ती काढून पातेल्यात पाच मिनिटं उकळतो. पाणी पिवळट काळं होतं, वर तेलाचा तवंग येतो. तार पुसून लावली की आठवडाभर पुन्हा जिवंत. "हे पातेलं आता चहाला नका आणू," हे वहिनींचं वाक्य दर वेळी ठरलेलं. फ्लॅटवाउंडवाल्याला हा उपद्व्याप नाही. त्याची तार जुनी झाली तर उलट खुलते. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, पडद्यांची टोकं मानेबाहेर येऊन बोटाला बोचतात, हा आणखी एक प्रसाद. त्याला कानस हाच इलाज.

आता बॉक्स. फेंडरने 1952 मध्ये बेससाठी बासमन अँप (आवाज वाढवणारं यंत्र) काढला, 15 इंची एकाच स्पीकरचा. पुढे त्यात 10 इंची चार स्पीकर आले, तर तो साध्या गिटारवाल्यांनीच पळवला. लंडनमध्ये जिम मार्शलचा पहिला अँप त्याच्याच नकाशावर उभा आहे. बेसवाल्यांना खरा आधार दिला अँपेग या कंपनीने. 1960 चा बी-15 हा खोलीपुरता गोड आवाजाचा बॉक्स होता. 1969 मध्ये त्यांनी मैदानांसाठी एसव्हीटी आणला : 300 वॅट, आणि बंद पेटीत 10 इंची आठ स्पीकर. वजन इतकं की दोघांशिवाय हलत नाही.

दहा इंची की पंधरा इंची, हा आमच्याकडचा सनातन वाद. हिशेब साधा आहे. स्पीकरच्या पडद्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, त्यामुळे दोन दहा इंची मिळूनही एका पंधरा इंचीच्या थोडे मागेच राहतात, चार मात्र जवळपास दुप्पट होतात. पण इंचावरून टोन ठरत नाही. पेटीत हवा किती आणि पोर्ट (हवा बाहेर सोडणारं भोक) केवढा, यावर खालचा सूर ठरतो. हे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने 1961 मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकात पूर्ण केलं. तोवर सुताराचा अंदाजच चाले. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 कंपनं करते, पाच तारांच्या बेसवर 31. आठ स्पीकरचा तो अवाढव्य बॉक्ससुद्धा हा मूळ सूर पुरता काढत नाही. वरच्या उपसुरांवरून उरलेला आपला कान भरून घेतो. सातपुड्यातल्या होळीचा मोठा ढोल जवळून ऐकलेल्या माणसाला मात्र हा फरक लगेच कळतो, कारण तो सूर कानाआधी पोटात शिरतो.

आपल्याकडे बेस आला तो हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ जे वाजवत, ते कॅसेट मागे फिरवून फिरवून छोट्या गावांतल्या पोरांनी उतरवलं. हातात कोलकात्याची गिवसन, आणि बॉक्स म्हणजे भोंग्यांसोबत भाड्याने मिळेल तो. पुढे बँडच्या गाडीवर कीबोर्ड चढला आणि बेस कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेला. लग्नाच्या वरातीत बेस गिटार आता क्वचितच दिसते.

जेमर्सनचा जो आवाज शोधत लोक बॉक्स विकत घेतात, तो त्या रेकॉर्डवर बहुतेक वेळा बॉक्समधून गेलेलाच नाही. मोटाउनमध्ये बेसची वायर थेट मिक्सरला जोडत. आज आमचंही तसंच चालतं. बेस डीआयमधून (गिटार थेट मिक्सरला जोडणारी छोटी डबी) मिक्सरला, तिथून साउंडवाल्याच्या 18 इंची सबला, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरला, आणि लोक ऐकतात ते त्याच्या मर्जीचं. तरी मी माझा जुना पंधरा इंची बॉक्स टेम्पोत टाकतोच. दादा विचारतो, कशाला? मी त्याला बॉक्ससमोर उभं करतो आणि खालची तार छेडतो. पोर्टमधून हवा सुटते, त्याच्या पँटचा पाय फडफडतो.