पाठीचं ऑपरेशन झालं, तरी दुखतंय? आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

मणक्याचं ऑपरेशन होऊन चार-सहा महिने लोटले, टाके केव्हाच सुकले, एक्स-रेत स्क्रू जागच्या जागी आहेत, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक. आणि तरी सकाळी खाटेवरून उठताना कंबर धरते, कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत चमक जाते. फोंड्यातून, डिचोली-सत्तरीकडून आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या अनेकांची तक्रार हीच असते आणि पहिला प्रश्नही ठरलेला: "म्हणजे ऑपरेशन फसलं का?"

बहुतेकदा तसं नसतं. चकती सरकून नस दबली असेल तर ती मोकळी करणं हे ऑपरेशनचं मुख्य काम. त्यामुळे पायात उतरणारी कळ जितकी कमी होते, तितका फरक कमरेच्या जुन्या दुखण्यात पडेलच असं नाही. निरनिराळ्या अभ्यासांत कमरेच्या ऑपरेशननंतर दुखणं मागे राहिलेल्यांचं प्रमाण १० ते ४० टक्के सांगितलं आहे. तुम्ही एकटे नाही, आणि तुमच्या सर्जनने काही चुकवलंच असणार असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेची स्वतंत्र नोंद आहे.

कारणं वेगवेगळी असतात. बरेच महिने दाबात राहिलेली नस मोकळी झाली तरी लगेच पूर्ववत होत नाही. तुटलेले तंतू वाढायचे तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात, म्हणून पावलाचा बधिरपणा जायला वर्षही लागू शकतं आणि थोडा कायमचाही राहू शकतो. काहींच्या नसेभोवती व्रणाची ऊती जमते. दोन मणके स्क्रूने जोडले असतील तर त्यांच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर आणि माकडहाडाजवळच्या सांध्यावर जास्त ताण येतो. चकती पुन्हा सरकणं हेही घडतं, पण ते तपासून ठरवायचं असतं, घरी बसून नव्हे. आणि जवळजवळ सगळ्यांच्याच बाबतीत मणक्याला धरून ठेवणारे खोलवरचे स्नायू बारीक आणि आळशी झालेले असतात.

याशिवाय एक गोष्ट आहे. ती सांगितली की काहीजण नाराज होतात. दुखणं फार काळ टिकलं की मज्जासंस्थाच हळवी होते. घरात एकदा चोरी झाली की कुत्रं पाचोळा वाजला तरी भुंकतं, तसं. भुंकणं खरं असतं, चोर मात्र प्रत्येक वेळी नसतो. म्हणूनच पहिल्या भेटीत आम्ही झोप, काम, घरातली काळजी यांबद्दल विचारतो. "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे?" असं कुणी म्हटलं की आम्हाला वाईट वाटतं, कारण तसं आम्ही मुळीच म्हणत नाही. झोप मोडली की वेदना वाढते, हे शरीराचंच काम आहे.

ज्या चुकीने सगळ्यांचे महिने जातात

चूक अशी की बरं वाटलं त्या दिवशी आठवड्याचं काम उरकून घेणं.

हे आम्ही सतत पाहतो. चतुर्थीच्या आधी तर हमखास. एक काकी, मणके जोडलेले, सहा आठवडे व्यवस्थित प्रगती. एका सकाळी उठल्या तर कंबर हलकी. मग घर झाडून घेतलं, माळ्यावरची भांडी खाली काढली, माटोळीला बांधायची फळं वेगळी केली, आदोळीवर बसून चार नारळ किसले. दुपारपर्यंत काहीच दुखलं नाही. संध्याकाळी खाटेवर पडल्या त्या चौथ्या दिवशी उठल्या. त्या चार दिवसांत व्यायाम बंद, चालणं बंद, आणि मनात भीती की स्क्रूच हलला असणार. काजूच्या दिवसांत बोंडू वेचायला वाकणाऱ्यांचं हेच होतं, आणि बागायतीत "आज जरा बरं आहे" म्हणून पाट साफ करायला उतरणाऱ्यांचंही.

स्क्रू हलला नव्हता. हळव्या झालेल्या शरीराला एका दिवसात पेलणार नाही इतकं काम दिलं गेलं, एवढंच. पण हे चक्र दर पंधरवड्याला फिरलं की स्नायू पुन्हा मूळ पदावर येतात. रोगी म्हणतो, "तुमच्या व्यायामाने गुण नाही."

यावर उपाय साधा आहे, पण त्याला चिकाटी लागते. काम कधी थांबवायचं हे दुखण्यावर सोडू नका, घड्याळावर सोडा. तीन दिवस, त्यातला एक तरी वाईट दिवस धरून, किती मिनिटं चालल्यावर दुखणं वाढायला लागतं ते लिहून ठेवा. समजा १२, ८ आणि १० मिनिटं झाली, तर सरासरी १०. त्यातून पाचवा हिस्सा कमी करा: ८ मिनिटं. आता रोज ८ मिनिटं चाला, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. बरं वाटलं तरी ८, वाईट दिवशीही जमेल तितकं ८ च्या जवळ. आठवड्याने त्यात साधारण दहावा हिस्सा वाढवा. बसणं, उभं राहून स्वयंपाक, स्कूटर, सगळ्याला हीच रीत. त्या काकी आता फोनवर गजर लावून, उभ्याने ओट्यावर ठेवलेल्या किसणीवर अर्धा नारळ किसतात, मग अंगणात एक फेरी मारतात, मग उरलेला अर्धा.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी दोन अंकांपर्यंत वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीच्या जागी आलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा आणि आम्हाला कळवा.

"मशीन का लावत नाही?"

आमच्याकडे करंटचं मशीन आहे, शेकही आहे. गरज असेल तिथे लावतोही, कारण कळ थोडी उतरली की व्यायाम करणं सोपं जातं. पण अर्धा तास मशीनखाली झोपून घरी जायचं, अशा दहा बैठका आम्ही विकत नाही. त्याने संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, कमरेत ताकद येत नाही. आमचा वेळ व्यायाम शिकवण्यात, तो नीट होतो की नाही हे पाहण्यात आणि दर भेटीला वहीतले आकडे तपासण्यात जातो. त्यामुळे पहिल्या महिन्यात भेटी थोड्या जास्त, पुढे महिन्यातून एखादीच, हे आम्ही आधीच सांगतो. लांबून येणाऱ्यांना व्यायामाचे व्हिडिओ त्यांच्याच फोनवर काढून देतो, म्हणजे त्यात तुमचंच शरीर, तुमचीच चटई दिसते आणि विसरायला जागा राहत नाही.

आणखी काही गोष्टी, कारण विचारल्या जातातच. ऑपरेशन झालेल्या जागी चोळून घेणं, हाड बसवून घेणं, पाठीवर कुणाला चालायला लावणं, हे कृपा करून करू नका. पाय बधिर असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही आणि मधुमेह असेल तर ती जखम महिनोन्महिने भरत नाही. पट्टा सर्जनने सांगितला तितकेच दिवस. नंतर हळूहळू सोडा. मणके जोडले असतील तर तंबाखू, विडी, सिगारेट यांनी हाड जुळायला उशीर होतो, आणि ते जुळायला मुळात सहा महिने ते वर्ष लागतं. नसेच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिन, गॅबापेंटिनसारख्या गोळ्या एकदम बंद करू नका. कमी करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, पायरीपायरीने. उलट फार्मसीतून आपणच आणलेल्या पेनकिलर रोज घेणं थांबवा, मूत्रपिंड आणि पोट दोन्ही बिघडतात.

दर दुखण्याला नवा एमआरआय काढायचीही गरज नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के आढळलं. फिल्ममध्ये काही दिसलं म्हणजे दुखण्याचं मूळ तेच असं ठरत नाही. मात्र पायातली कळ काही महिने गेलेली असून पुन्हा जोरात आली तर सर्जनला दाखवा. एमआरआय लागला तर इंजेक्शन देऊन काढतात, कारण व्रण आणि नव्याने सरकलेली चकती त्यात वेगवेगळी ओळखता येते.

पुढच्या तक्रारींत आमच्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा: मांड्यांच्या मधला, गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावर ताबा न राहणं, पाऊल उचलेनासं होणं किंवा पायातली ताकद झपाट्याने जाणं, ताप येऊन टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, एक पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं. १०८ ला फोन करा. रात्र असो, पाऊस असो, सकाळची वाट पाहू नका. लघवीच्या आणि बधिरपणाच्या तक्रारीत काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो.

पहिल्या भेटीला तासभर लागतो. येताना डिस्चार्ज कार्ड आणा. बरेच जण फक्त एमआरआयची फिल्म आणतात, पण कोणत्या मणक्यावर काय केलं, सर्जनने काय करायला मनाई केली आहे, हे त्या कार्डावर असतं. ते नसेल तर आम्हाला सर्जनला विचारेपर्यंत व्यायाम सुरू करता येत नाही आणि तुमची फेरी फुकट जाते. चालू गोळ्यांची पाकिटं आणा, सैल कपडे घाला. वाटेत अर्ध्या तासाहून जास्त बसावं लागत असेल तर मध्ये उतरून चार पावलं चाला. कदंबने येणाऱ्यांना परतीची बस सापडेल अशी वेळ देतो, फोन करताना कोणत्या गावाहून येता तेवढं सांगा. खाटेवरून उठताच येत नसेल तर फोंडा तालुक्यात आम्ही घरी येऊन पाहतो.