मूत्रविसर्जन आणि मूत्र-असंयम : परिचर्या

लघवी वेळच्या वेळी, त्रासाशिवाय आणि पूर्ण व्हावी यासाठी परिचारिकेने ठेवायचे लक्ष, करायची मदत आणि द्यायची शिकवण यांना मूत्रविसर्जनाची परिचर्या म्हणतात. इच्छा नसताना लघवी होणे म्हणजे मूत्र-असंयम. वयाबरोबर तो वाढतो, पण म्हातारपण म्हटले की हे आलेच, ही समजूत चुकीची आहे. त्यामागे बहुतेकदा शोधता येईल असे कारण असते. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते, तर देशात ते ८.६ टक्के. त्यामुळे हा विषय इथे घरोघरचा आहे, आणि तरीही लाजेपोटी तो डॉक्टरांपर्यंत उशिरा पोहोचतो.

प्रौढाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर लघवी मावते. १५० ते २५० मिलिलिटरला पहिली जाणीव होते. दिवसभरात ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होणे काळजीचे. अत्यवस्थ रुग्णाची लघवी दर तासाला मोजतात आणि वजनाच्या दर किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर अपेक्षित धरतात.

खोकताना, शिंकताना किंवा कळशी उचलताना थेंब गळतात तो ताण-असंयम. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर तो जास्त दिसतो. अनावर घाई होऊन संडासापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होते तो निकडीचा असंयम. मूत्राशय तुंबून वरचेवर थेंब सांडतात तो अतिप्रवाही. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या पुरुषांत आणि जुन्या मधुमेहात तो आढळतो. मूत्राशय ठीक असूनही हालचाल जमत नाही किंवा भान नसते म्हणून कपडे ओले होतात, तो कार्यात्मक असंयम. अनेकांत यांतले दोन प्रकार एकत्र असतात.

परिचर्येची सुरुवात विचारण्यापासून होते. रुग्ण आपणहून सांगत नाही. म्हणून पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर थांबवून, त्याच्या बोलीत विचारावे लागते. लघवी केव्हा झाली, किती झाली, काय प्यायले, कपडे केव्हा ओले झाले याची तीन दिवसांची नोंद पुष्कळ उलगडा करते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, वाढलेली साखर, रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी आणि झोपेची औषधे ही कारणे आधी तपासावीत, कारण ती दूर होताच अनेकदा गळतीही थांबते. अनेक स्त्रिया बसच्या प्रवासाआधी किंवा जत्रेला निघताना पाणी पिणेच टाळतात. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुर लागते, बद्धकोष्ठ होते आणि निकड उलट वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले नसेल, तर दिवसा पुरेसे पाणी प्यावे. संध्याकाळनंतर ते थोडे कमी करावे, चहा-कॉफीही आवरावी.

ताण-असंयमात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम गुणकारी ठरतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. लघवी रोखताना आवळतात तेच स्नायू पाच ते दहा सेकंद आवळून तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि नेमके त्याआधीच अनेकजणी तो सोडून देतात. निकडीच्या असंयमात दोन लघव्यांमधले अंतर हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवतात. विस्मरण झालेल्यांना मात्र दर दोन तासांनी आठवण करून संडासात नेणेच बरे.

गोव्यातल्या जुन्या घरांत संडास अनेकदा मागीलदारी असतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून रात्री तिथे धावणे म्हणजे मांडीचे हाड मोडण्याला निमंत्रण. पलंगाजवळ कमोड खुर्ची किंवा लघवीचे भांडे, मंद दिवा, भिंतीला धरायला दांडा आणि नाडीऐवजी इलॅस्टिकची विजार एवढ्यानेही कार्यात्मक असंयम खूप आटोक्यात येतो.

दमट हवेत ओली त्वचा लवकर सोलवटते. प्रत्येक वेळी कोमट पाण्याने हलके धुवून, न घासता टिपून, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. पावडर टाळावी, ती ओलसर होऊन घड्यांत साचते. मेणकापडावर सुती कापड हवेच. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून जादा जोड ठेवावे; डायपर भरेपर्यंत वाट पाहू नये.

अंथरूण ओले होते एवढ्यासाठी कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्यासाठी मूत्राशयात ठेवायची नळी, घालणे योग्य नाही. नळी जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून तिची गरज अजून आहे का, हे परिचारिकेने रोज विचारले पाहिजे. नळी असलीच तर पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, जमिनीला न टेकता टांगावी, नळीला पीळ पडू देऊ नये आणि जोड उघडू नये. मूत्राशय रिकामे होत नसेल, तर १९७२ मध्ये अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी रूढ केलेली, ठरावीक वेळी स्वच्छ हातांनी नळी घालून काढण्याची पद्धत अनेकांना कायमच्या नळीपासून वाचवते.

ताप-थंडी, लघवीत रक्त, वयस्कर माणूस अचानक बरळू लागणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगले तर १०८ रुग्णवाहिका बोलावून म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) गाठावे.