ट्रेडमार्क रद्द झाला म्हणजे नाव बंद झालं का?

जून २०१४ मधे बातमी आली की वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल टीमचे 'रेडस्किन्स' (मूळ अमेरिकी लोकांसाठीचा अपमानकारक मानला जाणारा शब्द) नावाचे सहा ट्रेडमार्क रद्द, आणि बऱ्याच जणांनी तेव्हाच ठरवून टाकलं की आता टीमला नाव बदलावं लागणार. टीमने काय केलं, तर काहीच नाही, पुढच्या सीझनला तेच नाव, तीच जर्सी. कारण रद्द करायचा आदेश होता तो रजिस्ट्रेशनचा, नावाला कोणी हात लावलेला नव्हता. आणि ते रजिस्ट्रेशनसुद्धा अपील संपेपर्यंत चालूच राहणार होतं.

अमेरिकेत ट्रेडमार्कचा मूळ हक्क वापरातून येतो, म्हणजे तुम्ही नाव बाजारात चालवलं आणि लोक तुम्हाला त्या नावाने ओळखायला लागले की हक्क झाला, सरकारी कागद नसला तरी. रजिस्ट्रेशनमुळे जादाचे फायदे मिळतात: मालक तुम्हीच असं सगळ्या देशात धरून चाललं जातं, नकली माल कस्टमकडून अडवता येतो, नावापुढे वर्तुळातला आर (®) लावता येतो. ते काढून घेतलं तरी नाव वापरायला कोणी रोखत नाही, उलट नक्कल करणाऱ्यावर केस टाकायचा रस्ताही बंद होत नाही, फक्त पुराव्याचं ओझं वाढतं. २०१४ च्या निकालात तर बोर्डाने, म्हणजे ट्रेडमार्क ऑफिसमधल्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाने, स्वतःच लिहिलंय की आम्ही नोंदणीच्या हक्कापुरतं बोलतोय, वापराबद्दल आदेश द्यायचा अधिकारच आम्हाला नाही. हे वाक्य फार कमी लोकांनी वाचलं असावं.

आता रजिस्ट्रेशन रद्द करणं तरी सोपं होतं का? सुझन हार्जो आणि इतर सहा मूळ अमेरिकी लोकांनी १९९२ मधे अर्ज केला, १९९९ मधे बोर्डापुढे जिंकले, पुढे कोर्टात हरले, आणि शेवटी हरायचं कारण काय तर तुम्ही फार उशिरा आलात. मग २००६ मधे अमांडा ब्लॅकहॉर्स आणि तिच्याबरोबर आणखी तरुण लोक पुढे आले, कारण हा उशीर माणूस सज्ञान झाल्यापासून मोजतात. यातली खरी मेख म्हणजे आज शब्द अपमानकारक वाटतो एवढं दाखवून भागत नव्हतं, नोंदणी झाली तेव्हा, म्हणजे १९६७ ते १९९० च्या काळात, तो मूळ अमेरिकी समाजातल्या बऱ्याच मोठ्या भागाला अपमानकारक वाटत होता हे सिद्ध करायचं होतं. म्हणून मग जुन्या डिक्शनऱ्या काढा, त्या शब्दापुढे काय शेरा मारलाय ते बघा, असली कामं.

एवढं करून २०१४ मधे मिळालेला तो निकालही टिकला नाही. २०१७ मधे 'द स्लँट्स' या आशियाई-अमेरिकी बँडच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने ८-० ने सांगितलं की अपमानकारक म्हणून नोंदणी नाकारणारं कलमच घटनेत बसत नाही. गंमत बघा, 'स्लँट' ही आशियाई लोकांच्या तिरक्या डोळ्यांवरून दिलेली शिवी, बँडने तो शब्द स्वतःच्याच समाजाबद्दल घेतला होता, शिवीची धार घालवायला, आणि त्याचा फायदा फुटबॉल टीमलाही झाला. २०१९ मधे 'अनैतिक किंवा लज्जास्पद' नावांवरची बंदीही अशीच गेली. त्यामुळे हे नाव मला बोचतं, एवढ्या कारणावर आज तिथे नोंदणी उडवता येत नाही.

मग नावावर खरोखरची बंदी कशी दिसते? कॅलिफोर्नियात २०१५ मधे कायदा झाला आणि २०१७ पासून सरकारी शाळांना टीमसाठी 'रेडस्किन्स' हे नाव वापरता येत नाही. पण शाळा सरकारच्याच, त्यांनी आपल्या टीमला काय म्हणावं ते सरकार ठरवू शकतं. खाजगी कंपनीला असं सांगायला गेलं की अभिव्यक्ती स्वातंत्र्य आडवं येतं, आणि नुसती नोंदणी नाकारणंही जिथे चाललं नाही तिथे बंदी कुठून चालणार.

वॉशिंग्टनच्या टीमने नाव सोडलं ते जुलै २०२० मधे, फेडेक्स, नाइकी, पेप्सिको यांच्यासारख्या स्पॉन्सरनी दबाव आणल्यावर, आणि तेव्हा ते सहाही ट्रेडमार्क शाबूत होते.