‘मृत आत्मे’ आणि रशियन डोईपट्टी : पार्श्वभूमी

‘दुशा’ हा रशियन शब्द मराठीत आणताना दोन शब्दांपैकी एक सोडावा लागतो. धर्मगुरू ज्याच्या सद्गतीसाठी प्रार्थना करतो तो आत्मा, आणि कारकून वहीत मोजतो ती डोई. रशियनमध्ये दोन्हीही ‘दुशा’च. १८४२ साली आलेल्या निकोलाय गोगोलच्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीचं सगळं बळ या जोडअर्थात आहे, आणि मराठी शीर्षकातून नेमका कारकुनी अर्थ गळतो. कादंबरीचा नायक चिचिकोव मेलेल्या भूदासांची, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांची, नावं विकत घेत फिरतो. तो कारकुनी अर्थ कुठून आला हे कळलं की त्याचा हा व्यवहार कल्पनेचा खेळ वाटत नाही. त्या काळच्या कागदपत्रांत तो जवळजवळ नियमाप्रमाणे बसतो.

आधी रशियात सारा घरटी होता. माणसं एकाच कुंपणात दाटीनं राहून घरांची संख्या कमी दाखवत. १७१८ च्या फर्मानानं घरांऐवजी डोकी मोजायला सुरुवात झाली. सैन्याच्या खर्चाला डोक्यांच्या संख्येनं भागून दर काढला गेला. १७२४ मध्ये वसुली सुरू झाली तेव्हा तो दर ७४ कोपेक (शंभर कोपेक म्हणजे एक रूबल) होता, पुढच्या वर्षी ७० झाला. तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक पुरुष म्हणजे एक दुशा. बायकांची नावं बहुतेक मोजण्यांत लिहिली गेली, पण कराच्या हिशेबात त्या धरल्या जात नसत. जमीनदारानं आपल्या भूदासांची यादी भरून द्यायची, आणि त्या यादीला म्हणत ‘स्काझ्का’. आज या शब्दाचा अर्थ परीकथा असा होतो. तेव्हा तो ‘सांगितलेलं, जबानी’ अशा सरकारी अर्थानं चालत होता.

अशा मोजण्या एकूण दहा झाल्या, शेवटची १८५७-५८ मध्ये. गोची आहे ती दोन मोजण्यांच्या मधल्या काळात. सातवी १८१५-१६ ची, आठवी १८३३ ची. मध्ये सतरा-अठरा वर्षं. एवढ्या काळात मेलेला भूदास पुढची स्काझ्का भरेपर्यंत कागदावर जिवंत राहायचा. त्याच्या कराची जबाबदारी मालकावर, आणि गावानं सैन्यात किती माणसं द्यायची हेही याच आकड्यावर ठरे. नव्यानं जन्मलेली मुलं मोजली जात नसत, त्यामुळे मोठ्या जहागिरीत वजाबाकी-बेरीज साधारण जुळून जाई. साथ आली की मात्र जुळत नसे. १८३०-३१ च्या कॉलऱ्यानंतर कित्येक मालक मेलेल्यांचा कर भरत होते. हा बोजा फुकट घ्यायला कोणी तयार असेल, तर मालक नाही का म्हणेल?

मेलेल्या नावांना किंमत आली ती कर्जामुळे. भूदास गहाण टाकता येत. कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी एक होती अनाथगृहांचा कारभार पाहणारं विश्वस्त मंडळ. टाकून दिलेल्या मुलांच्या पालनपोषणासाठी नेमलेलं हे मंडळ ठेवी घेई आणि माणसांच्या तारणावर रक्कम देई. धर्मादायाचा पैसा भूदासांच्या गहाणावर फिरत होता, ही वस्तुस्थिती या कादंबरीबद्दल लिहिताना सहसा एका ओळीत उरकली जाते. ती तेवढी किरकोळ नाही. भूदासपद्धती रद्द होण्याच्या सुमारास जमीनदारांचे सुमारे दोन तृतीयांश भूदास गहाण पडलेले होते.

चिचिकोवला युक्ती सुचते तीही याच मंडळाच्या कामात. एका बुडालेल्या जमीनदाराचे भूदास गहाण ठेवायला गेला असताना, यातले निम्मे मेलेत हे तो आधीच सांगून टाकतो, पुढे कटकट नको म्हणून. सचिव विचारतो, यादीत आहेत ना? आहेत. मग घाबरायचं कशाला, एक मरतो, दुसरा जन्मतो. पुढचा हिशेब सरळ आहे. हजार मेलेले घ्यायचे, दर डोई २०० रूबल मिळाले तर दोन लाख. जमिनीशिवाय भूदास विकत घेता येत नाहीत आणि गहाणही टाकता येत नाहीत. म्हणून खरेदी ‘दुसरीकडे वसवण्यासाठी’ दाखवायची. खेर्सोन आणि तावरिदा प्रांतांत वसाहतीसाठी जमीन फुकट मिळत होती, ती मागायची. मग प्रांताच्या दिवाणी कचेरीत साक्षीदारांसह खरेदीखत, आणि तपासणी आलीच तर तिथल्या पोलीस प्रमुखाच्या सहीचा दाखला. गावाचं नावसुद्धा ठरलेलं असतं.

भाव प्रत्येक जमीनदाराच्या दारी वेगळा. कोरोबोच्काबाई अठरा नावं १५ रूबलला देते. सोबाकेविच १०० पासून सुरू करून अडीच रूबल प्रत्येकी यावर थांबतो. वर तो यादीत एक बाई घुसडतो, येलिझावेता. पुरुषी नावांच्या शेवटी तेव्हा एक मूक कठोर चिन्ह लिहीत, ते तिच्या नावाला लावून तिला पुरुष करतो, कारण बाईची दुशा यादीत शून्य. प्ल्युश्किनकडे १२० मेलेले निघतात आणि ७८ पळालेले. पळालेल्यांचा भाव ३२ कोपेक, एकूण २४ रूबल ९६ कोपेक. त्याच्या कोठारात धान्य सडतंय आणि शेजारी सांगतो की त्याची माणसं माश्यांसारखी मरतात. हाव आणि मृत्यू यांचं नातं यापेक्षा थेट कोणी आकड्यांत मांडलेलं नाही.

आता शीर्षकाचा वाद. हस्तलिखित १८४१ च्या अखेरीस मॉस्कोच्या सेन्सॉर समितीपुढे गेलं. तिथं काय घडलं हे लेखकाच्याच जानेवारी १८४२ च्या पत्रातून कळतं, त्यामुळे त्यात त्याचा राग मिसळलेला आहे हे धरून चालावं. नाव ऐकताच अध्यक्ष म्हणाले, आत्मा अमर असतो. मृत आत्मा असूच शकत नाही. लेखक अमरत्वावर हत्यार उगारतो आहे. मोजणीतल्या दुशांबद्दल आहे असं समजावल्यावर ते म्हणाले, मग तर हे भूदासपद्धतीविरुद्ध आहे. दुसऱ्या कोणी म्हटलं, हे वाचून लोक खरोखर मेलेले विकत घ्यायला लागतील. एकाला अडीच रूबल ही किंमतच सहन झाली नाही. ती नुसत्या नावाची किंमत असली, तरी ते नाव कधीकाळी जगलेल्या माणसाचं होतं. हे वाचून एकही परदेशी माणूस इकडे फिरकणार नाही, असं त्याचं म्हणणं.

या बैठकीकडे मूर्खपणाचा नमुना म्हणून पाहायची प्रथा आहे. आमच्या मते तो अन्याय आहे. अध्यक्षांनी दोन वाक्यांत शब्दाचे दोन्ही अर्थ पकडले, आणि दोन्ही ठिकाणी धोका ओळखला. अमर मानलेल्या गोष्टीला राज्यानं दर लावला होता. कादंबरीनं फक्त दोन्ही अर्थ एका शीर्षकात शेजारी ठेवले. किंमत न पचलेला सेन्सॉरही खरं तेच बोलत होता, फक्त त्यानं दोष यंत्रणेऐवजी पुस्तकावर टाकला.

हस्तलिखित सेंट पीटर्सबर्गला नेलं गेलं आणि मार्च १८४२ मध्ये मंजूर झालं. अट अशी की शीर्षकात आधी ‘चिचिकोवचे उद्योग’ यावं. शिवाय युद्धात अपंग झालेल्या कॅप्टन कोपेकिनची कथा लेखकाला बदलून लिहावी लागली. मुखपृष्ठ लेखकानंच काढलं. त्यावर सक्तीचं नाव बारीक आहे आणि ‘मृत आत्मे’ ठळक.

शब्दाचा गुंता तिथं संपत नाही. सरकारी भाषेत ‘मृत दुशा’ असा प्रयोगच नव्हता. एका इतिहासकार स्नेह्यानं १८४७ मध्ये लेखकाला तसं कळवलंही: रशियनमध्ये मोजणीतल्या, नोंदलेल्या, घटलेल्या, वाढलेल्या दुशा असतात, मृत नसतात. कचेरीचा शब्द होता ‘घटलेली’, म्हणजे खात्यातून वजा. वजाबाकीच्या जागी मरण लिहिणं हाच लेखकाचा निर्णय, आणि सेन्सॉर अडखळले ते तिथंच. दुसऱ्या भागात चिचिकोवचा आत्मा सुधारायचा होता. त्याचं हस्तलिखित फेब्रुवारी १८५२ मध्ये ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या उपवासात लेखकानं जाळलं. दहा दिवसांत तो गेला.

पुढच्या पिढीनं हाच शब्द निराळ्या ठिकाणी ठेवला. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) मधली सावकारीण सगळा पैसा एका मठाच्या नावे करते, आपल्या दुशेच्या कायमच्या स्मरणप्रार्थनेसाठी. सावत्र बहिणीला रोख काहीच नाही. इथं गहाणाच्या पैशातून आत्म्याची सोय विकत घेतली जाते. मराठी पाठ्यपुस्तकांतून अनेकांना ठाऊक असलेल्या, माणसाला किती जमीन लागते या टॉलस्टॉयच्या १८८६ च्या गोष्टीत दर डोक्यावर नसून दिवसावर आहे, हजार रूबल. शेवटी कबरीपुरते लागतात तीन अर्शिन, म्हणजे सव्वादोन मीटरहून थोडं कमी. कारण मधल्या काळात बाजारात माणसाऐवजी जमीन आली होती.

१८६१ मध्ये भूदास मुक्त झाले. जमीनदारांची जुनी गहाण कर्जं सरकारनं त्यांच्या मोबदल्यातून कापून घेतली. शेतकऱ्यांना जमिनीचे वाटे आणि त्यांचे ४९ वर्षांचे हप्ते ठरले ते दहाव्या मोजणीतल्या दुशांवर. अकरावी मोजणी झालीच नाही. युरोपीय रशियात डोईपट्टी १८८७ मध्ये रद्द होईपर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, १८५८ नंतर मेलेले शेतकरी यादीत जिवंत राहिले आणि त्यांचा वाटा गावानं मिळून भरला.