प्रारंभिक रॅम डिस्क

प्रारंभिक रॅम डिस्क : संगणक सुरू होताना कर्नलबरोबरच (कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा) मेमरीत चढवली जाणारी छोटी, तात्पुरती फाइल प्रणाली. खरी मूळ फाइल प्रणाली, म्हणजे ‘रूट’, हाती येईपर्यंत कर्नल तिच्यावर काम भागवतो. लिनक्समध्ये तिच्या जुन्या रूपाला ‘इनिटआरडी’ आणि आजच्या रूपाला ‘इनिटरॅमएफएस’ म्हणतात. दोन्ही एकच असल्यासारखा उल्लेख सर्रास होतो. प्रत्यक्षात त्यांची रचना वेगळी आहे.

गरज : डिस्क वाचायला ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कार्यक्रम, लागतो आणि ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर मॉड्यूल, म्हणजे कर्नलला मागाहून जोडता येणारा तुकडा, म्हणून ठेवलेला असतो. एकाच यंत्रासाठी कर्नल बांधणाऱ्याला ही अडचण येत नाही. लागेल तो ड्रायव्हर त्याने कर्नलमध्येच घालावा. वितरण, म्हणजे लिनक्सचा तयार संच, बनवणाऱ्यांना मात्र एकच कर्नल असंख्य प्रकारच्या यंत्रांवर चालवायचा असतो. सगळे स्कझी, आयडीई (या डिस्क जोडण्याच्या पद्धती) आणि नेटवर्क ड्रायव्हर आत कोंबले तर कर्नल फुगतो आणि १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर मावत नाही. म्हणून स्लॅकवेअरसारखी वितरणे निरनिराळ्या कंट्रोलरसाठी निरनिराळ्या बूट फ्लॉपी देत, आणि आपल्याला कोणती लागेल हे वापरणाऱ्यालाच ओळखावे लागे.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. लिनक्सचा रॅम डिस्क ड्रायव्हर थिओडोर त्सो यांनी १९९१ च्या अखेरीस लिहिला. फ्लॉपीवरची फाइल प्रणाली मेमरीत ओतून तीच रूट म्हणून वापरण्याची सोय त्यातूनच वाढली. गझिप या साधनाने आवळलेली (आकार लहान केलेली) डिस्कची प्रतिमा उलगडण्याची भर चॅड पेज यांच्या नावावर आहे. ती १९९५ च्या सुमाराची दिसते. या टप्प्यांनाच आरंभ मानणारा एक पक्ष आहे. पण तिथे मेमरीतली फाइल प्रणाली हेच अखेरचे ठिकाण होते. तिच्यावरून पुढे दुसऱ्या रूटकडे जाण्याची योजना नव्हती. ती योजना वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांच्या कामात पहिल्यांदा स्पष्ट दिसते, आणि ड्रायव्हरच्या स्रोतातील नोंद तिचा काळ फेब्रुवारी १९९६ देते. आल्मेसबर्गर हे लिलो या बूटलोडरचे, म्हणजे कर्नल मेमरीत चढवणाऱ्या कार्यक्रमाचे, कर्ते, तर लेर्मेन डॉसमधून लिनक्स चढवणाऱ्या लोडलिनचे. बूटलोडरने कर्नलसोबत दुसरी फाइलही मेमरीत आणून ठेवावी, ही कल्पना बूटलोडर लिहिणाऱ्यांकडूनच यावी हे सयुक्तिक वाटते. म्हणून प्रस्तुत नोंदीत १९९६ हेच आरंभवर्ष धरले आहे. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या कर्नल २.० बरोबर ही सोय सर्वसामान्य वापरात पोहोचली.

जुनी पद्धत : इनिटआरडी ही खरोखरीची ब्लॉक डिस्क, म्हणजे ठरावीक आकाराच्या खंडांत वाचली-लिहिली जाणारी, असे. बूटलोडर प्रतिमेचा पत्ता आणि आकार कर्नलला कळवी; कर्नल ती ‘/डेव्ह/रॅम०’ मध्ये उतरवून रूट म्हणून जोडी आणि तिच्यातील ‘लिनक्सआरसी’ हा कार्यक्रम चालवी. त्याने मॉड्यूल चढवायचे, खऱ्या रूटच्या उपकरणाचा क्रमांक कर्नलशी देवाणघेवाण करणाऱ्या ‘/प्रॉक’ मधल्या ठरावीक फाइलीत लिहायचा आणि संपायचे. पुढची अदलाबदल कर्नल करी. कर्नल २.३.४१ मध्ये ‘पिव्हट-रूट’ ही सिस्टिम हाक (कार्यक्रमाने कर्नलकडे करायची मागणी) आली आणि ही अदलाबदल कार्यक्रमालाच करता येऊ लागली. रचनेतल्या उणिवा मात्र राहिल्या. डिस्कचा आकार आधीच ठरलेला, मूळ मांडणीत ४०९६ किलोबाइट. तिच्यावरच्या एक्स्ट२ किंवा क्रॅमएफएससारख्या फाइल प्रणालीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असणे भाग. शिवाय मेमरीतल्या डिस्कवरची फाइल वाचली की तिची दुसरी प्रत पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, तयार होई.

इनिटरॅमएफएस : येथे डिस्कच उरली नाही. कर्नलमध्ये ‘रूटएफएस’ नावाची मेमरीतली फाइल प्रणाली कायमच असते. सीपिओ संग्रह (अनेक फाइली एकत्र बांधण्याचे एक स्वरूप) उलगडून त्यातील फाइली थेट तिच्यात मांडायच्या, एवढेच काम राहिले. अल व्हिरो आणि एच. पीटर अॅन्विन यांनी लिहिलेल्या स्वरूप-वर्णनावर जानेवारी २००२ ची तारीख आहे, प्रत्यक्ष कोड विकासमालिकेतील २.५.४६ मध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरात आला, तर स्थिर कर्नल २.६ डिसेंबर २००३ चा. त्यामुळे या पद्धतीचे वर्ष कुठे २००२ तर कुठे २००३ असे दिलेले आढळते. पहिले अधिक ग्राह्य.

टार हे दुसरे संग्रह-स्वरूप सोडून सीपिओ का, यावर त्या काळी बरीच चर्चा झाली. सीपिओही जुनेच, आरपीएम या सॉफ्टवेअर-पॅकेजांच्या पोटात आधीपासून असलेले, आणि कर्नलमधून वाचायला सोपे. प्रत्येक फाइलीआधी ११० बाइटांचे शीर्ष असते: ‘०७०७०१’ हा सहा अक्षरी संकेत आणि त्यापुढे आठ-आठ सोळाआधारी अंकांचे तेरा रकाने, ज्यांत आयनोड (फाइलीचा क्रमांक), परवानग्या, मालक, आकार वगैरे येतात. ‘ट्रेलर’ या शब्दापुढे तीन उद्गारचिन्हे असलेल्या नावाची नोंद आली की संग्रह संपला. असे अनेक संग्रह एकामागोमाग जोडलेले चालतात, आणि ही मुभा पुढे फार उपयोगी ठरली. कर्नल ३.९ पासून (२०१३) प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचना) न आवळलेल्या छोट्या संग्रहात अगदी सुरुवातीला ठेवता येतो. इतर काही उलगडण्याआधीच कर्नल तो उचलतो. २.६ पासूनच्या प्रत्येक कर्नलमध्ये एक संग्रह अंगभूत असतोच. काही भरले नाही तर एक्स८६ प्रोसेसरवर तो १३४ बाइटांचा रिकामा असतो.

फाइली मांडून झाल्या की कर्नल ‘/इनिट’ शोधतो आणि प्रक्रिया क्रमांक १ म्हणून चालवतो. ‘लिनक्सआरसी’सारखे याने संपायचे नसते. रूटएफएस सोडवताही (अनमाउंट) येत नाही, तिच्यावर पिव्हट-रूटही चालत नाही. म्हणून ‘स्विच-रूट’ हा कार्यक्रम आधी तिच्यातील फाइली पुसून मेमरी मोकळी करतो, नवे रूट तिच्या जागी सरकवतो आणि तिथल्या इनिटला त्याच क्रमांक १ वर चालू करतो.

घडण व बिघाड : डेबियन परिवारात परंपरेने इनिटरॅमएफएस-टूल्स, फेडोरात आवृत्ती १२ पासून (२००९) ड्रॅकट आणि आर्चमध्ये एमकेइनिटसीपिओ ही साधने हा संग्रह बांधतात. आत बहुधा बिझीबॉक्स (मूलभूत आज्ञांचा छोटा संच) किंवा सिस्टिमडी (सेवा सुरू करणारा कार्यक्रम), यूडेव्ह (उपकरणे ओळखणारा), मॉड्यूल आणि एलव्हीएम (डिस्कचे लवचीक विभाग), रेड (अनेक डिस्कांची जोडणी), लक्स (डिस्कचे कूटबद्धीकरण) यांची साधने असतात. फक्त चालू यंत्रापुरते ड्रायव्हर घेतले तर संग्रह लहान होतो; पण डिस्क काढून वेगळ्या कंट्रोलरच्या यंत्रात लावली की रूट सापडत नाही. इनिटरॅमएफएस-टूल्स वापरणाऱ्या डेबियन व उबुंटूवर अशा वेळी कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट समोर येतो. तो पाहून डिस्क गेली असे समजणारे पुष्कळ, पण तिथूनच ‘/प्रॉक/पार्टिशन्स’ वाचून डिस्क दिसते की नाही ते पाहता येते. संग्रहच चढला नाही तर मात्र ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ असे सांगत कर्नल पॅनिकमध्ये जातो, म्हणजे तिथेच थांबतो.

संपूर्ण डिस्क लक्सने कूटबद्ध असेल तर परवलीचा वाक्यांश याच टप्प्यावर विचारला जातो. तेव्हा डेस्कटॉपवरची इन्स्क्रिप्ट मांडणी हाताशी नसते आणि मजकुरी कन्सोलवर जोडाक्षरे नीट उमटत नाहीत. देवनागरीत टंकलेखन करणाऱ्यांनीही हा वाक्यांश साध्या रोमन अक्षरांत ठेवावा हे बरे. संग्रह स्वतः बहुधा कूटबद्ध नसलेल्या ‘/बूट’ विभागात राहतो, त्यामुळे यंत्र हाती लागलेला कोणीही तो बदलू शकतो. २०१६ मध्ये एक्टर मार्को आणि इस्माएल रिपोल यांनी दाखवलेला दोष (सीव्हीई-२०१६-४४८४) याच टप्प्यातला: एंटर कळ सुमारे ७० सेकंद दाबून धरली की प्रयत्नांची मर्यादा संपून रूट शेल, म्हणजे प्रशासकाचे सर्व अधिकार असलेला आज्ञा-प्रॉम्प्ट, मिळे. डेटा कूटबद्धच राही, पण डिस्कची नक्कल करणे वा ती पुसून टाकणे शक्य होई. कर्नल आणि संग्रह एकत्र बांधून त्यावर सही करण्याची ‘एकत्रित कर्नल प्रतिमा’ ही पद्धत संग्रह बदलता येण्याच्या उणिवेवरचा उपाय होय.

जुन्या इनिटआरडीचा आधार २०२१ मध्ये काढला जाईल अशी सूचना २०२० मध्ये कर्नलात घातली गेली. ते वर्ष उलटले तरी कोड टिकून होता. बूटलोडरच्या मांडणीत आणि फाइलींच्या नावांत ‘इनिटआरडी’ आजही चालते.

इतर प्रणाली : ओपनबीएसडी या युनिक्ससदृश प्रणालीचा ‘बीएसडी.आरडी’ हा प्रतिष्ठापनेसाठीचा कर्नल रॅम डिस्क पोटात घेऊनच येतो. विंडोज पीई, म्हणजे प्रतिष्ठापना व दुरुस्तीसाठीची छोटी विंडोज, ‘बूट.विम’ ही प्रतिमा मेमरीत चढवून एक्स ड्राइव्ह म्हणून दाखवते. अँड्रॉइडमध्ये रॅम डिस्क पूर्वी कर्नलसह ‘बूट’ विभागात असे. आवृत्ती १३ सह आलेल्या उपकरणांत सामायिक रॅम डिस्कला ‘इनिट-बूट’ हा स्वतंत्र विभाग मिळाला.