ओव्यांमधली टकटक आणि कॉम्प्युटरचा पहारेकरी

गेल्या श्रावणात आईच्या जात्यावरच्या ओव्या घरीच रेकॉर्ड करत होतो. तिला आठवतील तशा, एका दमात. चौथ्या ओवीत, ऐन शब्दावर, 'टक्' असा बारीक आवाज उमटला. सहाव्या ओवीत पुन्हा. तिनं त्या परत म्हटल्या, पण पहिल्या वेळचा ओघ दुसऱ्यांदा आला नाही. घरी गाणं-वाजवणं रेकॉर्ड करणाऱ्यांना ही टकटक चांगली ठाऊक असते, आणि बहुतेकांचा हात आधी अँटीव्हायरस बंद करायला जातो. माझाही गेला. टकटक थांबली नाही.

ती येते कुठून, हे कळलं की अँटीव्हायरस आणि फायरवॉल कसे निवडायचे तेही बरंचसं कळतं.

सीडीच्या प्रमाणानुसार एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. कॉम्प्युटर ते एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्यानं हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला तर एक गठ्ठा सुमारे २.९ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्या वेळात आधीचा गठ्ठा संपवून पुढचा तयार ठेवावा लागतो, सेकंदाला जवळपास ३४५ वेळा. पाच मिनिटांच्या अभंगात ही कसरत एक लाखाहून जास्त वेळा होते आणि त्यातली एकदाही चुकून चालत नाही. चुकली की 'टक्'.

मग बफर मोठा का ठेवू नये? ठेवता येतो, पण १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्या हिशेबानं तबलजीला आठ मीटर लांब बसवून गायल्यासारखं होतं. नुसत्या ओव्या टिपायच्या असतील तर हरकत नाही. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत, साथीला धरून गायचं असेल तर लय सुटते.

म्हणून संगीताच्या कॉम्प्युटरसाठी 'हलका अँटीव्हायरस' यातल्या 'हलका' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. प्रोसेसर सरासरी दहा टक्केच वापरात असेल, पण मध्येच पाच मिलिसेकंद कुणी अडवून धरला, तर छोट्या बफरवरचं रेकॉर्डिंग बिघडू शकतं. सरासरी इथे कामाची नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटीव्हायरसमुळे कॉम्प्युटर किती मंदावतो ते नियमित मोजतात. फाइल कॉपी करणं, सॉफ्टवेअर बसवणं, वेबसाइट उघडणं अशी कामं त्यात असतात. ते आकडे जरूर पाहावेत. मात्र रेकॉर्डिंग चालू असताना दोन-तीन मिलिसेकंदांची वेळ पाळली जाते का, हे त्यातून कळत नाही. ते आपल्या घरी, आपल्याच मशीनवर पाहावं लागतं.

विंडोजमध्ये अँटीव्हायरसचा पहारा फाइलच्या वाटेवर असतो. एखाद्या प्रोग्रॅमनं फाइल उघडायला मागितली की ती मागणी अँटीव्हायरसच्या गाळणीतून जाते. तपासणी होईपर्यंत मागणारा थांबतो. तपासलेली फाइल बदलली नसेल तर चांगले अँटीव्हायरस ती लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी लवकर सोडतात. एका रेकॉर्डिंगला यानं फारसा फरक पडत नाही. त्रास होतो तो सॅम्पल लायब्ररीला. पियानोची किंवा तबल्याची मोठी लायब्ररी म्हणजे हजारो आवाजांचा साठा. तो साठा वाजवणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॅम्पलर, प्रत्येक आवाजाची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतो आणि उरलेला भाग वाजवता वाजवता डिस्कवरून ओढतो. तेव्हाच डिस्कवर तपासणीची गर्दी झाली तर स्वर मध्येच तुटतो.

यावर उपाय म्हणजे अँटीव्हायरस काढून टाकणं नव्हे, त्याला काही फोल्डर वगळायला सांगणं. या सोयीला एक्स्क्लूजन म्हणतात आणि ती नसलेला अँटीव्हायरस संगीताच्या कॉम्प्युटरवर घेऊच नये. सॅम्पलचा फोल्डर आणि रेकॉर्डिंगचा फोल्डर वगळावा, कारण वेव्ह फाइल ही नुसती माहिती असते, ती स्वतः चालत नाही. प्लगइनचा, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या वाद्यांच्या आणि इफेक्टच्या प्रोग्रॅमांचा फोल्डर मात्र कधीही वगळू नये. विंडोजवरचं व्हीएसटी या प्रकारचं प्लगइन म्हणजे चालणारा कोड, आपल्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून त्याच्याच अधिकारानं चालणारा. 'व्हीएसटीचा फोल्डर वगळा, वेग वाढेल' असा सल्ला संगीतवाल्यांमध्ये सर्रास दिला जातो. माझ्या मते तो घातक आहे. डाउनलोडचा फोल्डरही तसाच, त्याला सूट नको.

ही भीती कल्पनेतली नाही. जून २०१९ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीनं 'लाउडमायनर' नावाचा प्रकार उघडकीला आणला. महागड्या संगीत सॉफ्टवेअरच्या आणि प्लगइनच्या फुकट, चोरीच्या प्रती एका वेबसाइटवर ठेवल्या होत्या, एकूण १३७. त्या बसवल्या की सॉफ्टवेअरबरोबर एक आभासी मशीन (कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा, नुसत्या सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) गुपचूप सुरू व्हायचं आणि मालकाच्या विजेवर मोनेरो हे कूटचलन कमवायचं. संगीतवालेच का निवडले असावेत, याचं ईसेटनं दिलेलं कारण मला फार बोलकं वाटतं. आपली मशीन दणकट असतात, आपल्या सॉफ्टवेअरच्या फाइली मोठ्या असतात आणि पंखा जोरात फिरू लागला तरी आपल्याला नवल वाटत नाही. त्या सापळ्यात विंडोजवाले होते आणि मॅकवालेही होते. हार्मोनियमचं 'फुकट' प्लगइन कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलं, तर तपासल्याशिवाय बसवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता फायरवॉल. त्याचं काम नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीच्या पाकिटांवर असतं. मुख्यतः पाकीट कुठून आलं, कुठल्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या कुठल्या क्रमांकाच्या दारावर चाललंय, आपण ते मागवलं होतं का, हे पाहून तो सोडतो किंवा अडवतो. हजारो फाइली उघडून आत पाहण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त. नेटवर्क बंद असेल तर त्याला तपासायला पाकिटंच नसतात. त्यामुळे वेगासाठी फायरवॉल बंद करण्यात काहीच हाशील नाही, आणि धोका मात्र मोठा आहे. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमनं ते दाखवून दिलं. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायला त्याला कुणी काही क्लिक करण्याची गरज नव्हती. ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं आणि विंडोज जुनं राहिलेलं, एवढं त्याला पुरे होतं. मायक्रोसॉफ्टनं ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलं होतं. 'रेकॉर्डिंगच्या मशीनवर अपडेट नकोतच' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अपडेट करा, फक्त रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री नको.

विंडोजचा फायरवॉल २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालू असतो. न मागवलेलं बाहेरून आत येणारं तो अडवतो आणि घरच्या राउटरमागे बसलेल्या मशीनला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी परवानगी विचारणारे वेगळे फायरवॉल मिळतात. लाउडमायनरसारखी चोरटी जोडणी त्यात नजरेला येऊ शकते, हे खरं. पण गायक डोळे मिटून आलाप घेत असताना पडद्यावर प्रश्नाची खिडकी उघडणं मला तरी परवडत नाही.

अँटीव्हायरसचंही तसंच. विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजबरोबरच येतो आणि घरगुती संगीतासाठी मी तोच सुचवेन. पुण्याच्या क्विक हीलसारखं दुसरं कुठलं घरात आधीच असेल तर तेही चालेल. एकाच वेळी दोघांचा पहारा तेवढा नको. दुसरा बसवल्यावर डिफेंडर सहसा आपणहून मागे सरतो, तरी एकदा खात्री करून घ्यावी. बसवताना ब्राउझरचं जोडसॉफ्टवेअर, सफाई करणारं, व्हीपीएन असे तुकडे नाकारता येतात का, ते पाहावं. आपोआप होणाऱ्या तपासणीची वेळ आपल्या हातात हवी. डिफेंडरमधली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय चालू केली असेल तर तिच्या यादीत आपलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर घालून ठेवा. ही सोय म्युझिक आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांना राखते. अनोळखी समजून तिनं सॉफ्टवेअरला अडवलं तर ऐन वेळी फाइल सेव्हच होत नाही.

माझी टकटक शेवटी सापडली ती लेटन्सीमॉन या छोट्या प्रोग्रॅमनं. विंडोजच्या गाभ्यात कुठला ड्रायव्हर (एखादं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) किती वेळ अडून बसतो, हे तो दाखवतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची सूचना आहे की अशा तातडीच्या कामाचा एक तुकडा १०० मायक्रोसेकंदांच्या वर जाऊ नये. दहा मिनिटं वाय-फाय चालू ठेवून पाहिलं, दहा मिनिटं बंद करून. मग वाय-फाय बंदच ठेवून अँटीव्हायरस आधी चालू आणि नंतर बंद. गुन्हेगार वाय-फायचा ड्रायव्हर निघाला. अँटीव्हायरस असल्या-नसल्याचा फरक त्या प्रोग्रॅमच्या आकड्यांत दिसलाही नाही.

आता रेकॉर्डिंगला बसताना मी विमान मोड लावतो, बफर २५६ वर ठेवतो आणि पूर्ण तपासणी रविवारी दुपारी, घर जेवायला बसलेलं असताना होते. ओव्यांच्या फाइली बाहेरच्या दोन डिस्कवरही आहेत आणि कॉपी झाली की त्या डिस्क काढून ठेवतो. चौथी ओवी आईनं दिवाळीत पुन्हा म्हटली. या वेळी मध्ये तिनं नवी ओळ घातली, नातवाच्या नावाची.