उतारा कमी म्हणून भाव कमी: मॉरिशस, १९३७

उसाच्या कांड्यात साखर किती, हा खरं तर प्रयोगशाळेतला प्रश्न. मॉरिशसमध्ये १९३७ साली त्यावरून माणसं मेली.

बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या मजुरी-करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज उसाच्या मळ्यांत राबत. त्यांत कोकणातून गेलेली मराठी कुटुंबंही होती. काहींनी थोडी जमीन मिळवून स्वतःचा ऊस लावला होता. त्यांची आवडती जात ‘उबा’: बारीक, काटक, पाण्याचा ताण सोसणारी. खतापाण्यावर फार खर्च न झेपणाऱ्याला असाच ऊस परवडतो.

कारखानदाराला मात्र तो नकोसा, कारण उबात तंतू जास्त. चरकात कितीही दाबलं तरी चिपाड थोडा रस धरूनच ठेवतं. तंतू वाढला की चिपाड वाढतं, आणि चिपाडाबरोबर साखर जाते. आपल्याकडच्या भाषेत, उतारा, म्हणजे उसातून हाती येणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. तेव्हा कारखान्यांची तक्रार खोटी नव्हती. पण त्यांनी उबाच्या भावात कपात केली ती सरसकट, १५ टक्के! उसातली साखर जातीइतकीच जमिनीवर, पाण्यावर आणि पक्वतेवर ठरते. जातीच्या नावावर भाव कापला की चांगला पिकवणाराही त्यातच भरडला जातो.

छोटे बागायतदार बिथरले. त्यांच्यामागोमाग मजुरांनीही वाढीव मजुरी मागितली. वेळ ऐन गाळपाची, आणि ऊस थांबत नाही. तोडल्यावर त्यातली सुक्रोज, म्हणजे आपली साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते. त्यांचे दाणे पडत नाहीत, उलट ती मळीचं प्रमाण वाढवतात. त्यामुळे हंगामातला संप मालकाला लगेच झोंबतो. एरवी मजुराच्या हाती दुसरं होतं तरी काय?

१३ ऑगस्टला युनियन फ्लाक इथल्या कारखान्यावर जमाव चालून गेला. मळ्याच्या माणसांनी गोळ्या झाडल्या, चौघे मेले. मालक कुणी गोरे नव्हते, भारतीय वंशाचेच होते. वर्णापेक्षा चरक कोणाचा हे इथे मोठं ठरलं.

या अशांततेची चौकशी त्यासाठी नेमलेल्या हूपर आयोगाने केली. १९३८ मध्ये कामगार खातं आलं, मजुरांना संघटना बांधायला कायद्याने वाट मिळाली. वाटाघाटींना चौकट आली खरी, पण सप्टेंबर १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल इथे संपकऱ्यांवर पुन्हा गोळीबार झाला. या वेळी गोळ्या पोलिसांच्या होत्या. मृतांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर बाई होती.